मॅगझिन बसत नाही? परत पाठवण्याआधी हे वाचा

सुट्या भागांच्या रायफल-प्रतिकृती घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

खोक्यात प्रतिकृतीचे धड, दोन नळ्या, दोन दस्ते, एक मॅगझिन (काडतुसे भरायचा डबा) आणि नकली काडतुसांची पुडी आहे. नळ्या आतून भरीव आहेत आणि बोल्टला, म्हणजे काडतूस नळीत ढकलणाऱ्या सरकत्या भागाला, फायरिंग पिन (काडतुसाच्या बुडावर आघात करणारी सुई) नाही. ही वस्तू झाडण्यासाठी बनवलेली नाही. यंत्र कसे जुळते, हे हाताने पाहता यावे, एवढ्यासाठीच आम्ही ती बनवतो.

आमच्याकडे सर्वांत जास्त येणारी तक्रार एकच असते. "नळी बदलते, दस्ता बदलतो, मग तुमच्याच दुसऱ्या मॉडेलचे मॅगझिन याला का बसत नाही?" तक्रार रास्त आहे, पण दोष प्रतिकृतीचा नाही. खऱ्या रायफलींमध्येही असेच असते. बाकी भागांचे मोजमाप ठरवताना आखणाऱ्याला बरीच मोकळीक असते. मॅगझिनचे मोजमाप मात्र काडतूस ठरवते आणि तिथे कोणाचे काही चालत नाही.

आधी मोकळीक कुठे असते ते पाहू. युजीन स्टोनर यांनी 1950च्या दशकात आर्मालाइट कंपनीत एआर-10 आखली. तिचे धड वरचे आणि खालचे अशा दोन तुकड्यांचे होते आणि ते दोन पिनांनी जोडलेले असत. पिना बाजूला सरकवल्या की रायफल दोन भागांत मोकळी होते. पुढे याच आराखड्यावरून लहान काडतुसाची एआर-15 निघाली आणि 1959 मध्ये तिचे हक्क कोल्ट कंपनीने विकत घेतले. आज हौशी मंडळी ज्या रायफलीच्या भागांची अदलाबदल करण्यात रमतात, ती हीच. मॉडेल क्रमांक एकमध्ये आम्ही या दोन पिना जशाच्या तशा ठेवल्या आहेत. त्या हाताने निघतात, हातोडी लागत नाही. (तरी हातोडीने वाकवलेल्या पिना परत येतातच.)

स्टोनर पुढे याहून लांब गेले. 1963च्या सुमारास कॅडिलॅक गेज कंपनीसाठी त्यांनी केलेल्या स्टोनर 63 मध्ये एकच धड रायफल, कार्बाइन (आखूड रायफल) आणि मशीनगन या तिन्हींसाठी चाले. गंमत अशी की मशीनगन करताना ते धड चक्क उलटे करायचे. रायफलीत नळीच्या वर असलेली वायूची नळी (यंत्र चालवणारा वायू नेणारी) मग खाली येई. मॅगझिन खालून, वरून, नाहीतर काडतुसांचा पट्टा, असे तिन्ही प्रकार तिच्यात होते. अमेरिकी नौदलाच्या सील या विशेष तुकड्यांनी व्हिएतनाममध्ये ती वापरली, पण निगा फार मागत असल्याने तिचा प्रसार बेताचाच राहिला. आमच्या मते आजवरच्या सर्व सुट्या भागांच्या रायफलींमध्ये हीच सर्वांत हुशार. आमच्या कारागिरांना सर्वांत जास्त छळणारीही हीच.

आता मॅगझिन. पुडीतली दोन प्रकारची नकली काडतुसे काढा आणि एका प्रकारची पाच-सहा काडतुसे टेबलावर एकमेकांना चिकटवून आडवी मांडा. लांबट, बारीक काडतूस 5.56×45चे आहे (पहिला आकडा गोळीच्या जाडीचा, दुसरा कवचाच्या लांबीचा, मिलिमीटरमध्ये). त्याची रांग जवळजवळ सरळ राहते. आखूड, जाडसर काडतूस 7.62×39चे. त्याची रांग लगेच धनुष्यासारखी वाकते. फळ्यावर लिहायचे निमुळते खडू ओळीने ठेवले तर जसे होते, अगदी तसेच. या काडतुसाच्या कवचाचा व्यास बुडाशी सुमारे 11.3 मिलिमीटर आणि खांद्याशी, म्हणजे गोळीकडे कवच एकदम अरुंद होते तिथे, सुमारे 10.1 मिलिमीटर असतो. दर काडतुसामागे मिलिमीटरभराचा फरक साठत जातो आणि तीस काडतुसांत त्याची ठळक कमान होते. कलाश्निकोव्ह रायफलीचे ते ओळखीचे वाकडे मॅगझिन शोभेसाठी वाकडे नाही. ते सरळ केले असते तर काडतुसे आतच अडली असती.

एम16ची, म्हणजे एआर-15च्या लष्करी आवृत्तीची, कहाणी याहून अवघडलेली. तिचे पहिले मॅगझिन वीस काडतुसांचे आणि सरळ होते, म्हणून रायफलीतली मॅगझिनची खाचही सरळ ठेवली गेली. पुढे तीस काडतुसांचे मॅगझिन हवे झाले, तेव्हा हलका बाक देणे भाग पडले, पण खाच तर सरळच. त्यामुळे त्या मॅगझिनचा वरचा भाग सरळ आणि खालचा वाकडा आहे. जिथे सरळ संपून बाक सुरू होतो, तिथे काडतुसांना वर ढकलणारी पट्टी, म्हणजे फॉलोअर, तिरकी होऊन अडखळे. फॉलोअरचा आकार त्यानंतर पुन्हा पुन्हा सुधारला गेला, त्यामागे हेही एक मोठे कारण. आमच्या मॉडेल एकच्या मॅगझिनमध्ये न कलणारा, नवा आकार आहे.

आणखी एक फरक बसवण्याच्या पद्धतीचा. एआर घराण्याचे मॅगझिन सरळ वर सरकवायचे, खट् आवाज येईपर्यंत. कलाश्निकोव्हचे पुढचे टोक आधी अडकवायचे आणि मग मागची बाजू झुलवून वर घ्यायची. दुसऱ्याला पहिल्यासारखे दाबले तर धडाची कड चेपते. अशी चेपलेली कड आम्ही हमीखाली दुरुस्त करत नाही.

मॅगझिन सगळ्यांचे एकसारखे असावे, असा प्रयत्नही झाला. नाटो देशांत 1980 मध्ये एम16च्या मॅगझिनवर बेतलेला स्टॅनॅग 4179 हा मसुदा (स्टॅनॅग म्हणजे नाटोचा प्रमाणीकरण करार) पुढे आला. तो कधीच औपचारिकपणे मंजूर झाला नाही, तरी अनेक कारखान्यांनी तो आपणहून पाळला. आमच्या मॉडेल एक आणि चारची मॅगझिने एकमेकांना चालतात ती याच कृपेने. इतरांची चालत नाहीत.

जुन्या पद्धतींच्या प्रतिकृती घेणाऱ्यांसाठी थोडे. 1860च्या हेन्री रायफलीत काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक बसत. अशा रचनेत टोकदार गोळी धोक्याची, कारण तिचे टोक पुढच्या काडतुसाच्या बुडावर, नेमके ठिणगी पडते तिथे, टेकू शकते. म्हणून नळीच्या मॅगझिनसाठी चपट्या टोकाच्या गोळ्या रूढ झाल्या. वेगळे काढता येणाऱ्या डब्यासारख्या मॅगझिनचे पेटंट जेम्स पॅरिस ली यांना 1879 मध्ये मिळाले. लीच्या रायफलींतले .303 काडतूस बुडाशी कडा असलेले. भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेपुढे यायला हवी. मागे राहिली तर दोन्ही कडा एकमेकींत अडकतात आणि बोल्ट पुढे जात नाही. मॉडेल सहाचे मॅगझिन "जाम" झाल्याचे जे फोन येतात, त्यांतले बहुतेक याच चुकीचे असतात. काडतुसे बाहेर काढून पुन्हा नीट भरा, इतकाच त्यावर उपाय.

क्लिप आणि मॅगझिन यांची गल्लत चित्रपटांत सर्रास होते, मागणीपत्रातही होते. मॅगझिनमध्ये स्प्रिंग असते. क्लिप म्हणजे काडतुसे एकत्र धरणारी नुसती पत्र्याची पट्टी. गॅरंड रायफलीची आठ काडतुसांची क्लिप शेवटची गोळी सुटल्यावर "टिंग" करत बाहेर उडते. आमच्या प्रतिकृतीत ती हाताने काढावी लागते, टिंग नाही.

मॅगझिनच्या तोंडाशी आत वळलेल्या दोन कडांना आम्ही ओठ म्हणतो. काडतूस किती वर यावे आणि कोणत्या कोनात सुटावे, हे तेच ठरवतात. मॅगझिन तोंडावर पडले की पहिल्यांदा तेच वाकतात आणि नुसत्या डोळ्यांना ते दिसतही नाही. पकडीने सरळ करू नका. ओठांची जोडी वेगळी मिळते. स्प्रिंगला तेल देऊ नका, कोरडे फडके पुरे.

शेवटी एक गोष्ट ठाम शब्दांत. लांबून ही वस्तू खरीच वाटते. ती उघड्यावर नेऊ नका, कोणाकडे रोखू नका, प्रवासात कुलूपबंद खोक्यात ठेवा. प्रतिकृतींबाबतचे कायदे ठिकाणागणिक वेगळे आहेत, आपल्या भागातले आधी पाहून घ्या. भरीव नळी कोरून द्या, पिन बसवून द्या अशी विनंती आल्यास आम्ही पैसे परत करतो आणि त्या ग्राहकाशी व्यवहार थांबवतो.

सुटे मॅगझिन मागवताना मॉडेलचे नाव नको, खाचेच्या आतल्या डाव्या बाजूला कोरलेला क्रमांक कळवा. तो टॉर्चशिवाय दिसत नाही.