झिजलेलं ताट ब्लॅक अँड व्हाइटमध्ये इतकं देखणं का दिसतं?

घरातलं सगळ्यात जुनं स्टीलचं ताट काढा, ज्याच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलंय आणि इतकी वर्षं तारेच्या घासणीने घासून ते नाव आता अर्धंमुर्धंच उरलंय असं. रात्री बाकीचे लाइट बंद करून ते एकाच बल्बखाली धरा. बल्बच्या प्रतिबिंबाभोवती बारीक चऱ्यांची गोल गोल वलयं दिसतील, कोळ्याच्या जाळ्यासारखी. आता ताट जरा सरकवा, वलयं ताटाबरोबर जात नाहीत, बल्बच्या प्रतिबिंबाला धरूनच राहतात! म्हणजे ताटावर गोल चरे नाहीयेतच, चरे आहेत वाट्टेल तसे, आडवे उभे तिरके, कारण घासताना हात कुठेही फिरतो.

मग गोल का दिसतात? प्रत्येक चरा म्हणजे एक अगदी बारीक खाच, आणि त्या खाचेवर पडलेला प्रकाश तिच्या आडव्या दिशेला पसरतो, लांबीच्या दिशेला नाही. त्यामुळे जे चरे प्रतिबिंबाच्या दिशेला काटकोनात पडलेत तेवढेच तुमच्या डोळ्यापर्यंत चमक पाठवतात, बाकीचे तिथेच असतात पण अंधारात राहतात. त्या काठावरच्या नावाचंही तेच, प्रत्येक ठिपका म्हणजे छोटा खड्डा आहे आणि तिरका उजेड आला की खड्ड्याची एक कड उजळते, एक काळी पडते, पुसट झालेलं अक्षर परत वाचता येतं.

झीज म्हणजे शेवटी आकारात झालेला बदल. चरा, खड्डा, गुळगुळीत झालेली कड, पोचा. रंग बदलतो तो बरेचदा वरवरचा. आणि आपली दृष्टी आकार आणि रंग दोन्ही सारख्याच बारकाईने बघत नाही, बारीक रेघा, कडा, पोत, खोली हे मेंदू मुख्यतः उजेड-सावलीच्या फरकावरून काढतो आणि रंगाचा तपशील त्यामानाने ढोबळ ठेवतो. जेपेग फोटो याचाच फायदा घेतात, त्यात रंगाची माहिती बहुतेक वेळा उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवलेली असते आणि आपल्याला जाणवतसुद्धा नाही. (उजेड-सावली टिपायचं काम डोळ्यातल्या दंडपेशी करतात असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं, पण दंडपेशी कामाला येतात त्या अंधुक उजेडात. भर उजेडात उजेडाचा अंदाजही रंग ओळखणाऱ्या शंकूपेशीच देतात.) रंगीत फोटोत ताटावर पिवळी भिंत, निळी ट्यूबलाइट, कुणाचा तरी लाल ड्रेस असं सगळं उमटतं आणि लक्ष तिकडे जातं. रंग काढला की उरतो तो हातांनी घासून घासून घडवलेला पृष्ठभाग, आणि मला तरी तो कोऱ्या ताटापेक्षा कितीतरी सुंदर वाटतो.

गंमत म्हणजे मोबाइलच्या कॅमेऱ्याचा सेन्सर मुळात रंगआंधळाच असतो, तो फक्त किती उजेड पडला एवढंच मोजतो. रंग येतो तो त्याच्यावर बसवलेल्या लाल, हिरव्या, निळ्या बारीक फिल्टरच्या चौकटींमुळे. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांनी ही जाळी शोधली, १९७६ साली तिचं पेटंट मिळालं, आणि त्यात अर्धे फिल्टर हिरवे आहेत कारण उजेडाच्या आपल्या अंदाजात हिरव्याचा वाटा सगळ्यात मोठा. फोटो ब्लॅक अँड व्हाइट करायच्या एका नेहमीच्या सूत्रात हिरव्याला साधारण ५९ टक्के, लालला ३० आणि निळ्याला ११ टक्के वजन देतात. हे वजन बदलता येतं आणि खरी मजा तिथेच आहे. हिरवा थर चढलेला तांब्याचा तांब्या घ्या, लालचं वजन वाढवलं तर तांबं उजळतं आणि थर गडद होतो, निळ्याकडे गेलात तर उलटं. आणि मधेच कुठेतरी दोन्ही जवळजवळ सारखेच राखाडी होऊन थर दिसेनासा होतो. म्हणून नुसतं मोनो फिल्टरचं बटण दाबून थांबू नका.

पाट्याचा फोटो तर नक्की काढा. आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, चांगला कठीण, तरी वर्षानुवर्षं वरवंटा फिरून टाकीचे खड्डे बुजत जातात, मधला भाग खोलगट होतो आणि मग चटणी नीट वाटलीच जात नाही, परत टाकी लावून घ्यावी लागते. वरून तिरका उजेड घेऊन ते खड्डे टिपा, फोटो ब्लॅक अँड व्हाइट करा आणि उलटा फिरवून बघा. बहुतेकांना खड्ड्यांच्या जागी टेंगळं दिसतात! उजेड वरूनच येतो असं मेंदू गृहीत धरतो. मेंदूचा अभ्यास करणारे विलयानूर रामचंद्रन यांनी १९८८ मध्ये साध्या छायांकित वर्तुळांवरून हे फार छान दाखवलं होतं.

फोटोग्राफर लोकांनी हे कधीच हेरलं होतं. वॉकर इव्हान्स यांनी १९५५ मध्ये फॉर्च्यून मासिकासाठी पकड, गवंड्याची थापी, पत्रा कापायची कात्री अशा साध्या अवजारांचे फोटो काढले, मागे काही नाही, फक्त अवजार. आयर्व्हिंग पेन यांनी १९७२ मध्ये रस्त्यावरून गोळा केलेली सिगारेटची थोटकं टिपली आणि चांदीऐवजी प्लॅटिनम वापरून कागदावर छापली, कारण प्लॅटिनम प्रिंटमध्ये राखाडीच्या छटा फार सलग आणि भरपूर मिळतात. चुरगळलेल्या कागदाची प्रत्येक घडी दिसते.

अर्थात सगळंच ब्लॅक अँड व्हाइटमध्ये काढू नये. गंजाचा तांबूसपणा, पितळेवरचा हिरवा डाग, हळदीने पिवळी झालेली पळी, इथे रंगच गोष्ट सांगतो, तो काढला तर नुसता मळ दिसतो.

पण अक्षरं आणि कोरीवकाम असेल तर रंग बाजूलाच ठेवावा. २००१ मध्ये एचपीच्या प्रयोगशाळेतल्या टॉम माल्झबेंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पद्धत मांडली, कॅमेरा हलवायचा नाही, लाइट मात्र वेगवेगळ्या दिशांनी टाकत फोटो घ्यायचे, मग कॉम्प्युटर प्रत्येक बिंदूचा उतार काढतो आणि रंग वगळून नुसता पृष्ठभाग चमकवून दाखवतो. ग्रीसजवळ समुद्रात सापडलेल्या दोन हजार वर्षं जुन्या अँटिकिथेरा यंत्रावरची (सूर्य-चंद्राच्या फेऱ्यांचा हिशेब दाखवणारं दातेरी चाकांचं यंत्र) झिजलेली अक्षरं वाचायला ही पद्धत वापरली गेली. आपल्या गावातल्या वीरगळावर किंवा शिलालेखावर याचं साधं रूप टॉर्चनेही जमतं, संध्याकाळी जा, टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने धरा आणि दिशा बदलत तीन-चार फोटो घ्या. फक्त अक्षरं दिसावीत म्हणून त्यावर खडू, पीठ किंवा तेल चोळू नका, त्याने दगड खराब होतो आणि आता त्याची गरजही नाही.