टप्पाअखेर परीक्षण (फौंड्री उद्योग)

नव्या ओतीव भागाच्या विकासप्रकल्पाचा पहिला टप्पा संपताना, त्या टप्प्यात व्हावयाचे निर्णय व कागदपत्रे खरोखर पूर्ण झाली आहेत का आणि त्यांच्या भरवशावर पुढचा खर्च करता येईल का, याची प्रकल्पाचे काम न करणाऱ्या व्यक्तीने केलेली तपासणी म्हणजे टप्पाअखेर परीक्षण होय. शिवाजी उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहत येथे विखुरलेला कोल्हापूरचा फौंड्री उद्योग वाहन व ट्रॅक्टर उत्पादकांना कास्टिंग (ओतीव भाग) पुरवतो; या परीक्षणाचा आग्रह मुख्यतः त्या ग्राहकांकडून येतो.

त्यामागील आराखडा एपीक्यूपी (ॲडव्हान्स्ड प्रॉडक्ट क्वालिटी प्लॅनिंग, म्हणजे उत्पादनाच्या गुणवत्तेचे आगाऊ नियोजन) या नावाने ओळखला जातो. क्रायस्लर, फोर्ड व जनरल मोटर्स या अमेरिकी कंपन्यांनी तो १९९४ मध्ये रूढ केला. त्याच्या पाच टप्प्यांपैकी पहिला नियोजनाचा असून गुणवत्तेची उद्दिष्टे, साहित्याची प्राथमिक यादी, प्रक्रियेचा प्राथमिक प्रवाह-तक्ता, विशेष गुणधर्मांची (सुरक्षितता, जोडणी वा कामगिरीवर परिणाम करणाऱ्या मापांची व गुणांची) यादी आणि व्यवस्थापनाची संमती ही त्याची प्रमुख फलिते आहेत. आयएटीएफ १६९४९ (२०१६) या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता-व्यवस्थापन मानकानेही विकासाच्या ठरावीक टप्प्यांवर मोजमाप करून त्याचा गोषवारा व्यवस्थापनापुढे ठेवणे बंधनकारक केले आहे.

बहुतेक फौंड्र्यांना ड्रॉइंग ग्राहकाकडून आयते मिळते. त्यामुळे ‘डिझाइन आपले नाही, मग पहिल्या टप्प्यात तपासायचे काय’, हा प्रश्न नेहमी निघतो. वास्तविक तपासण्यासारखे बरेच असते. करडे बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसते, म्हणजे ३०० मिलिमीटर लांबीच्या भागासाठी पॅटर्न (ज्यावरून वाळूचा साचा घडवतात तो नमुना) सुमारे ३ मिलिमीटर मोठा धरावा लागतो, एस. जी. आयर्नमध्ये (गोलाकार ग्रॅफाइट असलेल्या बिडात) गोठताना ग्रॅफाइटच्या वाढीमुळे हे गणित बदलते. साहित्याच्या यादीत धातूच्या ग्रेडपुढे ‘नंतर ठरवू’ एवढाच शेरा असेल, तर कागद फाइलला लागलेला असूनही पॅटर्न करायला देता येत नाही. ड्रॉइंगवर एखाद्या बोअरला (भोकाला) विशेष गुणधर्माचे चिन्ह आहे, पण फौंड्रीच्या यादीत ते माप नाही, किंवा यादी ड्रॉइंगच्या जुन्या रिव्हिजनवरून उतरवली आहे, असे दोषही याच वेळी सापडतात. मशिनिंग कोणी करायचे आणि त्यासाठी किती अलाउन्स (कापून काढायचा जादा धातू) ठेवायचा, हेही लेखी ठरलेले असावे लागते, कारण धातूचा पॅटर्न व कोअर बॉक्स (भागातील पोकळीसाठी वाळूचा गाभा घडवण्याची पेटी) तयार झाल्यावर मापात केलेला बदल खर्च व वेळ दोन्ही वाढवतो.

प्रत्यक्षात हे परीक्षण पुष्कळदा सह्या मोजण्यावर येऊन थांबते. सगळ्या कागदांवर परीक्षणाच्या आदल्या दिवशीची एकच तारीख असेल, तर अनुभवी परीक्षक सह्यांपेक्षा त्या तारखेबद्दल अधिक विचारतो. लहान फौंड्रीत विकास आणि गुणवत्ता एकाच माणसाकडे असते; तेथे मशिन शॉपच्या किंवा खरेदी विभागाच्या माणसाकडून तपासणी करून घेणे हा व्यवहार्य मार्ग ठरतो.

परीक्षणाचा निकाल मंजुरी, नामंजुरी किंवा सशर्त मंजुरी असा नोंदवला जातो. सशर्त मंजुरीत उरलेल्या प्रत्येक बाबीपुढे जबाबदार व्यक्ती व मुदत लिहिली जाते, आणि पॅटर्नवर परिणाम करणारी बाब त्यात असल्यास ती निकाली निघेपर्यंत टूलिंगची (पॅटर्न, कोअर बॉक्स अशा साधनांची) खरेदी-ऑर्डर रोखून धरली जाते.