अर्धवट राहिलेले काम घरी पूर्ण करून देऊ नये : पालकांसाठी माहितीपत्रक

आमच्या जळगावच्या प्रात्यक्षिक वर्गात आठवी ते दहावीची मुले दर रविवारी येतात. आपला पाल्य पाहून शिकणारा आहे, ऐकून शिकणारा आहे की हाताने करून शिकणारा, हे एकदाचे सांगावे, अशी विनंती बहुतेक पालक सुरुवातीलाच करतात. विनंतीमागची काळजी आम्हाला समजते, तरीही असा शिक्का आम्ही कोणत्याही मुलावर मारत नाही. मानसशास्त्रज्ञ हॅरॉल्ड पाश्लर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा मुलाची शैली ठरवून त्याच शैलीत शिकवल्याने शिकणे सुधारते, याला पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही. आमचा अनुभवही हेच सांगतो. जोडकाम हाताने चाचपडत पटकन शिकणाऱ्या मुलीला प्रमाणाचे गणित मात्र आकृती काढल्याशिवाय उमगत नाही. म्हणून कोणत्या कामात आपण कशाने अडतो आणि कशाने सुटतो, हे मुलाला स्वतःलाच कळावे, अशी आमच्या वर्गाची रचना आहे.

खानदेशातील मुलांनी ठिबकच्या नळ्या केळीच्या आणि कापसाच्या शेतात लहानपणापासून पाहिलेल्या असतात, त्यामुळे पहिला उपक्रम त्याचाच असतो. ताशी ४ लिटरच्या साध्या ड्रिपरमधून (नळीवरच्या थेंब सोडणाऱ्या तोटीतून) ३ मिनिटांत २०० मिलिलिटर पाणी पडेल, असा हिशेब मुले वहीत मांडतात. मात्र बादली जमिनीपासून १ मीटर उंच ठेवून मोजल्यावर मोजपात्रात जेमतेम ६० मिलिलिटर जमते. खरे शिकणे इथून सुरू होते. एखादा मुलगा ड्रिपर तुंबला असेल म्हणून तो उघडून पाहतो, दुसरा लॅटरल, म्हणजे ड्रिपर बसवलेली नळी, आखूड करतो, कोणी बादली आणखी उंच चढवते, तर कोणी ड्रिपरची छापील माहिती मागून घेते आणि ४ लिटर हा आकडा दर चौरस सेंटिमीटरला १ किलो दाबाचा, म्हणजे सुमारे १० मीटर उंचीवरच्या पाण्याचा आहे, हे शोधून काढते. दाब एक दशांश झाला, तर धार एक दशांश न होता जवळपास एक तृतीयांश का राहते, हा पुढचा प्रश्न काही मुलांना दाब चौपट केल्यावर धार दुप्पट होते हे मोजून कळतो, तर काहींना आलेख काढल्यावरच. कोणते मूल कोणत्या वाटेने गेले, ही नोंद म्हणजेच आपण आमच्याकडे मागत असलेली माहिती होय.

ती नोंद घरी पुसली जाते, हीच आमची मुख्य अडचण आहे. ठिबकचा अर्धवट संच घरी नेल्यावर शेतीची जाण असलेले वडील किंवा काका तो मोठ्या मायेने जोडून देतात, आणि पुढच्या रविवारी मूल उत्तम चालणारा संच व स्वच्छ उतरवलेली वही घेऊन येते. मग पहिला तास संच पुन्हा सुटा करण्यात जातो, आणि मूल नेमके कुठे अडले होते, हे तोपर्यंत त्यालाही आठवत नाही. कृपया संच आहे तसा राहू द्यावा. मदत करायचीच असेल, तर वही बंद ठेवून “काय होईल असे वाटले होते, आणि काय झाले?” एवढेच विचारावे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगांत पुन्हा वाचणारे विद्यार्थी ५ मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते, परंतु आठवड्यानंतर न पाहता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात अधिक राहिले होते.

दहावीच्या वर्षी रविवारचे दोन तास का द्यावेत, असेही विचारले जाते. आकृती काढल्यावरच आपल्याला उदाहरण सुटते, हे ज्याला इथे उमगले, तो विज्ञानाच्या पेपरात आधी आकृती काढतो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात हाताने काम शिकण्यासाठी दप्तराविना दहा दिवसांची तरतूद सहावी ते आठवीसाठी आहे. त्यापुढच्या वर्गांतील मुलांचा हात थांबू नये, ही आमची तळमळ आहे.

एका गटात आठच मुले घेतली जातात आणि साहित्याचा खर्च शुल्कातच धरलेला आहे. पहिला रविवार विनाशुल्क असून शेवटची पंधरा मिनिटे पालकांनी मागे बसून पाहण्यास हरकत नाही. मुलासोबत एक वही आणि पेन द्यावे. चुकलेला अंदाज वहीत राहणे आवश्यक असल्याने पेन्सिल व खोडरबर देऊ नये.