कडी लावून दारू सुटत नाही

"चार दिवस खोलीत कोंडा, आपोआप सुटेल." घरात कुणी पिणारं असलं की हा सल्ला देणारा शेजारी हमखास भेटतो. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याच्या बाबतीत हा सल्ला जिवावर बेतू शकतो.

मेंदूत गाबा हे रसायन पेशींना शांत करतं, ग्लुटामेट चेतवतं. दारू गाबाचा जोर वाढवते आणि ग्लुटामेटचा संदेश झेलणाऱ्या, पेशींवरच्या एनएमडीए ग्राहींना दाबते. रोज हेच होत राहिलं की मेंदू तोल साधू पाहतो. गाबाचा संदेश झेलणाऱ्या गाबा-ए ग्राहींमधल्या प्रथिनांच्या उपघटकांची अदलाबदल होते, त्यांचा प्रतिसाद मंदावतो. एनएमडीए ग्राहींचं काम वाढतं. रस्सीखेचीत दोन्हीकडून सारखा जोर लागला की दोर जागचा हलत नाही, तसं. म्हणून असा माणूस पिऊनही शुद्धीत वाटतो. खोलीला कडी घातली की दारूच्या बाजूचे गडी एकदम दोर सोडतात आणि चेतवणारी बाजू मोकाट सुटते.

पहिल्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो. 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते. काहींना दोन ते चार दिवसांत डेलिरियम ट्रेमेन्स होतो: ताप, धावती नाडी, भिंतीवर किडे दिसणं, घरच्यांनाही न ओळखणं. इथेच कुणीतरी 'बाहेरची बाधा' म्हणतं आणि देवऋषी येतो. तमिळनाडूतल्या एरवाडीत बरं होण्याच्या आशेने दर्ग्याजवळ आणून ठेवलेले 28 मनोरुग्ण 2001 च्या आगीत गेले. साखळ्यांमुळे त्यांना पळता आलं नाही. 'पिणाऱ्याच्या नकळत' जेवणात मिसळायच्या पुड्या विकणारेही याच माळेचे मणी.

दवाखान्यात लोराझेपामसारखं औषध देतात. ते गाबा-ए ग्राहीवरच काम करतं आणि हळूहळू कमी करता येतं. सोबत थायमिनचं (जीवनसत्त्व बी-1) इंजेक्शन, तेही ग्लुकोजच्या आधी.

पण तो यायलाच तयार नसेल तर? नव्या कायद्याने हात बांधले, असं बरेच जण सांगतात. तसं नाही. 2018 पासून लागू असलेल्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि ड्रग्जशी निगडित मानसिक अवस्थाही 'मानसिक आजारा'त मोडतात. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल, किंवा स्वतःकडे बघणंच जमत नसेल, तर कलम 89 खाली नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (उपचारांच्या निर्णयात रुग्णाला साथ देणाऱ्या व्यक्तीच्या) अर्जावरून 30 दिवसांपर्यंत दाखल करता येतं. त्याआधी दोघा आरोग्य व्यावसायिकांनी त्याला वेगवेगळं तपासायचं, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ हवाच. अशा भरतीवर नजर ठेवणाऱ्या पुनर्विलोकन मंडळाला सात दिवसांत कळवायचं, बाई असेल तर तीन दिवसांत. साखळीला पूर्ण बंदी.

मला या कायद्यातली आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. रुग्णाच्या वतीने प्रतिनिधी संमती देत असेल, तर रुग्णाची निर्णयक्षमता दर सात दिवसांनी तपासावी लागते. डेलिरियम बहुतेकदा काही दिवसांत ओसरतो. म्हणजे पुढच्या तपासणीला समोर तारीख-वार नीट सांगणारा माणूस बसलेला असू शकतो. तो म्हणतो, "मला घरी जायचंय." हा निर्णय बायकोला, आईला, डॉक्टरलाही चुकीचा वाटत असेल. पण इतरांना चूक वाटतो, एवढ्यावरून त्याला निर्णय घेता येत नाही असं ठरवायचं नाही, असं कलम 4 म्हणतं.