'स्पेशल टॉपिक्स'चा अर्ज नेमका कुठे अडकतो

इन्फर्मेशन सिस्टिम्सच्या पदवीला 'स्पेशल टॉपिक्स' नावाचा कोर्स असतो. कोड एकच, आतला विषय मात्र बदलता: कधी ब्लॉकचेन, कधी सायबर सुरक्षा. ठरीव अभ्यासक्रम सावकाश हलतो. एसीएम आणि एआयएस या संगणक व माहिती प्रणाली क्षेत्रातल्या संघटनांच्या आदर्श अभ्यासक्रमाची 2010 नंतरची आवृत्ती आयएस 2020. मधल्या काळात नवा विषय शिकवायची सोय म्हणजे हा कोर्स.

पात्रता सहसा साधी असते: डेटाबेस आणि सिस्टिम ॲनालिसिस झालेलं हवं. पण नोंदणीचं पोर्टल फक्त कोडच्या अटी तपासतं. त्या सेमिस्टरच्या विषयाची जास्तीची अट वेळापत्रकाखालच्या बारीक टिपेत असते. ती वाचा.

दुसऱ्यांदा घेताना पोर्टल म्हणतं, 'कोर्स आधीच पूर्ण.' इथेच बरेच जण हात टेकतात. विषय वेगळा असेल तर क्रेडिटच्या मर्यादेत तो पुन्हा घेता येतो, असाच बहुतेक विद्यापीठांचा नियम असतो; त्यासाठी परवानगीचा फॉर्म भरावा लागतो. त्यात नुसता कोड नको, दोन्ही वेळच्या विषयांची पूर्ण नावं लिहा. 'कारण' या रकान्यात 'आवड' एवढंच लिहिलेला फॉर्म परत आलेला मी पाहिलाय.

आता कोणाकडेच नसलेला कागद: सिलॅबस. हा कोर्स मुख्य विषयाचा इलेक्टिव्ह (निवडीचा कोर्स) म्हणून धरायचा तर विभाग तो मागतो. कोर्स नवा, सिलॅबस पहिल्या आठवड्यात तयार होणार आणि फॉर्म त्याआधी हवा! हा उफराटा कारभार कोणी सुधारेल तेव्हा सुधारेल. तोवर सरांकडून किंवा मॅडमकडून एक पानी आराखडा ईमेलवर मागून घ्या: घटक, मूल्यमापन, क्रेडिट. तो चालेल का, हे विभागात आधी विचारा.

मंजुरीही लेखी घ्या. 'हो हो, धरू आपण' हे तोंडी आश्वासन विभागप्रमुख बदलले की हवेत विरतं आणि शेवटच्या वर्षी कळतं की क्रेडिट मोकळ्या इलेक्टिव्हमध्ये, म्हणजे मुख्य विषयाबाहेर, जाऊन पडलेत.

मुदतीची तारीख बहुधा सगळ्या सह्यांसह फॉर्म रजिस्ट्रारकडे पोचण्याची असते, तुम्ही तो सहीला देण्याची नव्हे. सह्यांना आठवडा धरा.

कोर्स संपल्यावर सिलॅबसची पीडीएफ स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा. गुणपत्रकावर अनेकदा नुसतं 'स्पेशल टॉपिक्स' छापून येतं आणि पुढच्या प्रवेशाला आत काय शिकलात ते विचारतात. कॉलेजच्या खात्यावर ठेवू नका, पदवीनंतर ते बंद होऊ शकतं.