बँकेतला कॉम्प्युटर आणि १९८३चा करार : पार्श्वभूमी

कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे बँकांतल्या नोकऱ्यांचं काय होणार, हा विषय निघाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "युनियनवाल्यांनी तेव्हा कॉम्प्युटरलाही विरोध केला होता, शेवटी आलाच ना?" विरोध झाला होता, हे खरंच आहे. पण सरकारी बँकांमध्ये कॉम्प्युटर आला तो विरोध मोडून काढून आला नाही. तो एका लेखी करारातून आला. त्या करारावर देशातल्या बँक कर्मचाऱ्यांच्या दोन मोठ्या संघटनांच्या सह्या होत्या. त्यात काय मिळालं, काय सुटलं, याचा वाद आजही जुन्या कार्यकर्त्यांत मिटलेला नाही.

ठिणगी मात्र बँकेत पडली नव्हती, आयुर्विम्यात पडली होती. साठच्या दशकाच्या मध्यावर विम्याच्या सरकारी महामंडळाने मुंबई आणि कलकत्ता इथे संगणक बसवायचं ठरवलं. मुंबईत तो बसला. कलकत्त्यात कर्मचाऱ्यांनी इमारतीला पहारा दिला आणि तो बसू दिला नाही. पुढे केंद्राने ऑटोमेशनवर समिती नेमली. तिचे अध्यक्ष पुण्याचे एक नामवंत अर्थतज्ज्ञ होते आणि अहवाल १९७२ साली आला. सत्तरच्या दशकात संगणक ही परवाने काढून, जपून आणायची गोष्ट राहिली. बेकारी इतकी होती की माणसाचं काम यंत्राला द्यायचं, हे उघड बोलायला कुठलंच सरकार धजत नव्हतं.

तोवर बँकांचा पसारा मात्र हाताबाहेर गेला होता. राष्ट्रीयीकरणाच्या वेळी, जून १९६९ मध्ये, देशात ८,२६२ शाखा होत्या. १९९० पर्यंत त्या साठ हजारांच्या घरात गेल्या. हिशेब मात्र हातानेच लिहिले जात होते.

हातानेच म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून पटत नाही. बचत खात्यांची जाडजूड लेजरं, म्हणजे खातेवह्या, प्रत्येकात काही शे खाती. काउंटरवर आलेलं व्हाउचर, म्हणजे पैसे भरल्या-काढल्याची चिठ्ठी, लेजरमध्ये पोस्ट करायचं, शिल्लक काढायची, अधिकाऱ्याने तपासून सही करायची. महिन्याला बॅलन्सिंग. प्रत्येक खात्याची शिल्लक कागदावर उतरवून बेरीज मारायची आणि ती जनरल लेजरशी, म्हणजे शाखेच्या एकूण हिशेबाच्या वहीशी, जुळवायची. बहुतेक वेळा ती जुळत नसे. मग डिफरन्स शोधणं सुरू. मुरलेला क्लार्क आधी फरकाला नऊने भाग जातो का, ते बघायचा. जात असेल तर कुठेतरी ५४ चे ४५ झाले असण्याची शक्यता मोठी, म्हणून उलटसुलट झालेले आकडे आधी शोधायचे. जून आणि डिसेंबरच्या व्याजाला तर निम्मी शाखा रात्री उशिरापर्यंत बसायची. त्या काळी बचत खात्याचं व्याज महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकीवर धरत. रोजच्या शिलकीवर व्याज धरणं हाताने शक्यच नव्हतं. ते सुरू झालं १ एप्रिल २०१० पासून, सगळीकडे संगणक आल्यावर. म्हणजे लेजरच्या जमान्यात खातेदाराच्या पदरात किती पडायचं, हे काही अंशी क्लार्कच्या हाताचा वेग ठरवत होता. या सहामाही क्लोजिंगला, म्हणजे हिशेब बंद करण्याच्या कामाला, ओव्हरटाइम होता आणि त्यावर कित्येक घरांची दिवाळी व्हायची, हेही विसरून चालणार नाही.

खरी कोंडी शाखा-शाखांमधल्या हिशेबाची होती. एका शाखेने काढलेला ड्राफ्ट दुसऱ्या शाखेने वटवला, तर दोन्हीकडच्या नोंदी मुख्य कार्यालयात जुळाव्या लागत. त्यांचे ढीग साचत गेले. रिझर्व्ह बँकेची काळजी ग्राहकसेवेपेक्षा या न जुळलेल्या नोंदींची जास्त असावी, असं मला वाटतं, कारण गैरव्यवहार लपायला याहून चांगली जागा नव्हती.

८ सप्टेंबर १९८३ चा करार झाला तो या पार्श्वभूमीवर. एका बाजूला बँक व्यवस्थापनांची मुंबईतली संघटना, दुसऱ्या बाजूला कर्मचाऱ्यांच्या दोन मोठ्या संघटना. त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेने यांत्रिकीकरणावर समिती नेमली होती. तिचा अहवाल १९८४ मध्ये आला. तिने आराखडा दिला, पण शाखेत यंत्र चालू करायला परवानगी लागली ती कराराची.

करारात यंत्रांना मर्यादा घातल्या होत्या. शाखेत बसणाऱ्या यंत्राला कॉम्प्युटर म्हणायचं टाळून लेजर पोस्टिंग मशीन म्हटलं गेलं. ते कुठल्याही शाखेत बसवता येणार नव्हतं. शाखेचं काम किती, व्हाउचरांचा भार किती, यावर ते ठरायचं. प्रत्येक यंत्र सुटं, आपापल्या लेजरपुरतं. ते चालवायला बाहेरून माणूस आणायचा नाही, शाखेतल्याच क्लार्कना शिकवायचं आणि त्या कामाचा वेगळा भत्ता द्यायचा. सगळ्यात वरचं कलम म्हणजे यांत्रिकीकरणापायी एकाही कर्मचाऱ्याला कामावरून कमी करायचं नाही.

सही न करणाऱ्यांनी टीकेची झोड उठवली. एका डाव्या संघटनेचा आणि एका राष्ट्रवादी म्हणवणाऱ्या कामगार महासंघाशी जोडलेल्या संघटनेचा कडवा विरोध होता. एरवी ही दोन टोकं एका मांडवात दिसायची नाहीत. १९८४ हे वर्ष संगणकविरोधी वर्ष म्हणून पाळलं गेलं. त्यांचा मुद्दा सरळ होता. आत असलेल्याची नोकरी वाचेल, पण रोजगार विनिमय केंद्राच्या रांगेत जो उभा आहे त्याचं काय? यंत्र कुणाला काढणार नाही, ते पुढच्या माणसाला घेऊ देणार नाही.

सही करणाऱ्यांचंही म्हणणं होतं. यंत्र येणारच आहे, तर ते आपल्या अटींवर आणि आपल्या वेगाने येऊ दे. त्यांच्या हातात कायद्याचं एक हत्यारही होतं. औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९अ नुसार चौथ्या अनुसूचीत मोडणारा बदल करायचा तर मालकाला २१ दिवसांची नोटीस द्यावी लागे, आणि त्या अनुसूचीतल्या दहाव्या बाबीत सुधारित तंत्र येत होतं. पण त्या बाबीला एक शेपूट होतं. बदलामुळे कामगारकपात होण्याची शक्यता असेल तरच ती लागू. व्यवस्थापनाने लेखी दिलं की कपात होणार नाही, तर नोटिशीचा आग्रह धरायला कायद्यात फारशी जागा उरत नाही. म्हणजे कपात न करण्याचं वचन हे कर्मचाऱ्यांचं संरक्षण होतं, आणि त्याच वचनाने व्यवस्थापनाचा कायदेशीर रस्ताही मोकळा केला. संघटनांच्या नेत्यांना हे दिसत नव्हतं, असं मला वाटत नाही. कोर्टात अनेक वर्षं भांडण्यापेक्षा टेबलावर अटी लिहून घेणं त्यांना शहाणपणाचं वाटलं. माझं मत विचाराल तर त्या वर्षी त्याहून चांगलं काही पदरात पडण्यासारखं नव्हतं.

किंमत मात्र मोजावी लागली. सुटी यंत्रं सुटीच राहिली. शाखेत काचेची एसी केबिन, चपला बाहेर काढून आत जायचं, हिरव्या अक्षरांचा पडदा, आणि बाहेर तीच जुनी लेजरं समांतर चालू, हे चित्र बरीच वर्षं टिकलं. बचत खात्याचं यंत्र चालू खात्याच्या यंत्राशी बोलत नसे, मग शाखा शाखेशी काय बोलणार? ज्या शाखा-शाखांमधल्या हिशेबासाठी सगळा खटाटोप होता, तो यातून सुटण्यासारखा नव्हता. मुंबईत १९८६ मध्ये चेकचं क्लिअरिंग यंत्रावर गेलं, ते मात्र वेगाने रुळलं. पुढे १९८७ आणि १९९३ मध्ये नवे करार झाले आणि मर्यादा एकेक करत सैल झाल्या. रिझर्व्ह बँकेच्या दुसऱ्या समितीचा अहवाल मध्येच, १९८९ मध्ये आला.

१९९२ चा रोखे घोटाळा या सगळ्यावर येऊन आदळला. सरकारी रोख्यांच्या नोंदी मुंबईत रिझर्व्ह बँकेच्याच कार्यालयात हाताने ठेवल्या जात होत्या, आणि कुणाकडे नेमके किती रोखे आहेत हे वेळेवर कळत नव्हतं. या फटीतून किती पैसा गेला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतर संगणकाला विरोध करणं जवळजवळ अशक्य झालं. शिवाय १९९३ च्या धोरणानंतर नव्या खासगी बँका आल्या. त्यांच्याकडे ना लेजरं होती, ना युनियनशी जुने करार. त्या पहिल्या दिवसापासून संगणकावर उघडल्या. सरकारी बँकेत टोकन घेऊन बसलेला मुंबईचा पगारदार ग्राहक तिकडे वळायला लागला, आणि संघटनांची वाटाघाटीतली ताकद जी ओसरली, ती या ग्राहकामुळे जास्त.

पुढचा फतवा आला तो भलत्याच दारातून. १९९८ मध्ये भ्रष्टाचारावर नजर ठेवणाऱ्या केंद्रीय यंत्रणेने बँकांना आदेश दिला की १ जानेवारी २००१ पर्यंत व्यवसायाचा ७० टक्के भाग संगणकावर आला पाहिजे. ज्या विषयावर पंधरा वर्षं मालक आणि कामगार समोरासमोर बसून एकेक शाखा मोजत होते, तो कामगार कायद्याच्या कक्षेतून उचलून दक्षतेच्या कक्षेत गेला. तिथे कर्मचाऱ्यांच्या संघटनेला खुर्चीच नव्हती. या आदेशाची चर्चा व्हायला हवी होती तेवढी कधीच झाली नाही.

लगोलग स्वेच्छानिवृत्ती आली. २०००-०१ मध्ये सरकारी बँकांतून एक लाखाहून जास्त माणसं बाहेर पडली. १५ वर्षं सेवा किंवा वयाची चाळिशी अशी पात्रता होती. सेवेच्या प्रत्येक वर्षामागे ६० दिवसांचा पगार, किंवा निवृत्तीपर्यंत उरलेल्या महिन्यांचा पगार, यांपैकी जे कमी ते मिळायचं. १९८३ च्या वचनाला तांत्रिकदृष्ट्या धक्का लागला नाही, कारण कुणाला काढलं नव्हतं, अर्ज ज्याने त्याने आपणहून दिला होता. त्याच सुमारास भरती मंडळं गुंडाळली गेली आणि क्लार्कची भरती कित्येक वर्षं जवळजवळ थांबली. "बँकेत चिकटला" म्हणजे आयुष्याची ददात मिटली, असं मानणाऱ्या मराठी मध्यमवर्गातली एक अख्खी पिढी त्या दारावरून परत फिरली आणि आयटीकडे वळली. १९८४ मध्ये विरोध करणाऱ्यांचं भाकीत इथे खरं ठरलं, फक्त त्यांनी सांगितलं त्यापेक्षा वीसेक वर्षं उशिरा.

मग कोअर बँकिंग आलं, म्हणजे सगळ्या शाखा एकाच मध्यवर्ती यंत्रणेला जोडल्या गेल्या, खातं शाखेचं न राहता बँकेचं झालं आणि शाखा-शाखांमधल्या नोंदींचा जुना डोंगर एकदाचा वितळला. २००६ मध्ये रिझर्व्ह बँकेने बाहेरच्या प्रतिनिधींमार्फत बँकसेवा द्यायला परवानगी दिली. गावोगावचे बँक मित्र त्यातूनच आले. त्यांना कमिशन मिळतं, वेतनकरार लागू होत नाही. एटीएमचे रखवालदार, कर्जवसुलीचे एजंट, कॉल सेंटरमधल्या मुली, ही सगळी बँकेचीच कामं करणारी माणसं व्यवस्थापनं आणि संघटनांमधल्या द्विपक्षीय कराराच्या बाहेर आहेत. आतली माणसंही बदलली. सरकारी बँकांत आज क्लार्कपेक्षा अधिकारी जास्त आहेत. नोटिशीचं जुनं संरक्षण कामगार या व्याख्येत बसणाऱ्यालाच होतं, अधिकाऱ्याला नाही. त्यामुळे संख्येनेच त्या कलमाचा जीव कमी झाला.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी नवी संहिता आली. नोटिशीची तरतूद तिच्यात कलम ४० मध्ये आहे, अनुसूचीही आहे. कर्जाचा अर्ज छाननारं किंवा ग्राहकाच्या तक्रारीला उत्तर देणारं सॉफ्टवेअर त्यात बसतं का, हा प्रश्न पुन्हा कपातीच्या त्याच अटीशी येऊन थांबतो. आणि आता तर कपात दाखवायला शाखेतली खुर्चीही रिकामी व्हावी लागत नाही. काम बाहेरच्या कंपनीकडे आधीच गेलेलं असतं, आणि यंत्र येतं ते त्या कंपनीत.

गंमत म्हणजे संघटनांची सध्याची सर्वात मोठी मागणी तंत्रज्ञानाच्याच आधाराने उभी आहे. मार्च २०२४ च्या वेतनकराराबरोबर पाच दिवसांच्या आठवड्यावर व्यवस्थापनांशी सहमती झाली, पण विषय सरकारच्या मंजुरीत अडकला. शनिवारी शाखा बंद ठेवल्या तर लोकांचं अडणार नाही का, या प्रश्नावर संघटना एटीएम, मोबाइल आणि यूपीआयकडे बोट दाखवतात. शाखेविना भागतं, हा युक्तिवाद व्यवस्थापनही लिहून ठेवत असणार.