पार्श्वभूमी: पनायच्या डोंगरातले बुकिडनॉन आणि त्यांची भाषा

फिलिपिन्समधल्या बिसाया भाषाकुळातल्या सेबुआनो, हिलिगायनॉन या मोठ्या भाषा. त्याच कुळातली, किनाराय-आ या भाषेला अगदी जवळची एक छोटी भाषा तिथल्याच पनाय बेटाच्या मध्यावर, इलोइलो आणि कापिझ प्रांतांच्या डोंगरांत बोलली जाते. ती बोलणाऱ्यांना जुन्या नोंदींत सुलोद म्हटलंय. आता पनाय बुकिडनॉन किंवा तुमांदोक म्हणतात. (मिंडानाओ या दुसऱ्या बेटावरचे बुकिडनॉन निराळे, त्यांची भाषा बिसाया नव्हेच.)

सोळाव्या शतकात स्पॅनिश आले आणि किनाऱ्यालगतच्या वस्त्या चर्चभोवती गोळा होऊ लागल्या. डोंगरातली माणसं त्या रेट्यातून बरीचशी सुटली.

जुनी भाषा टिकली ती ‘बिनुकोत’ मुलींमुळे. घरातली निवडक मुलगी लहानपणापासून खोलीतच ठेवायची, तिला ऊन लागू द्यायचं नाही, पाय जमिनीला टेकू द्यायचे नाहीत. लग्नात तिच्यासाठी भरपूर देज मिळे. शेतकाम नाही, बाहेर जाणं नाही. मग घरातल्या म्हाताऱ्या तिच्याकडून ‘सुगिदानोन’ ही गायची महाकाव्यं पाठ करून घेत. प्रथा जाचक होती यात शंका नाही, पण रोजच्या बोलण्यातून गेलेले शब्द त्या खोलीत शाबूत राहिले.

1957 साली मानववंशशास्त्रज्ञ एफ. लांदा होकानो यांनी ‘हिनिलावोद’ हे महाकाव्य टेपवर उतरवून घेतलं. त्यातल्या हुमादाप्नोन या नायकाची कथा हुगन-आन या गायिकेने गायलेली. पुढे अॅलिसिया मागोस यांनी इलोइलोतल्या कालिनोगचे महाकाव्यगायक फेदेरिको काबायेरो यांच्यासोबत इतर महाकाव्यं नोंदवली. काबायेरोंना 2000 मध्ये फिलिपिन्स सरकारचा ‘राष्ट्रीय जिवंत ठेवा’ हा सन्मान मिळाला.

गाण्याचं कौतुक झालं. जमिनीच्या वाट्याला ते आलं नाही. 1962 च्या फर्मानाने कापिझमधलं 33,310 हेक्टर क्षेत्र लष्करासाठी राखलं गेलं. 1997 च्या कायद्याने आदिवासींच्या पूर्वापार जमिनीवरचा हक्क आणि प्रकल्पाआधी त्यांची संमती या गोष्टी मान्य केल्या. तरी हालाउर नदीवरच्या धरणासाठी घेतलेली संमती खरी की दबावाखालची, हा वाद मिटला नाही. हीच नदी महाकाव्यातली हालावोद. 30 डिसेंबर 2020 रोजी पोलीस-लष्कराच्या कारवाईत नऊ तुमांदोक मारले गेले. त्यांनी प्रतिकार केला असं पोलीस म्हणाले. मानवाधिकार संघटनांनी ते फेटाळलं. जुलै 2024 मध्ये 109 मीटर उंच धरणाचं उद्घाटन झालं. त्याच वर्षी तिसरीपर्यंत मातृभाषेतून शिकवण्याची सक्तीही देशभर उठली.